खंडाळ्याच्या घाटातलं सोडून दिलेलं स्टेशन

आजचा विषय एका स्टेशनचा आहे. या स्टेशनचं तिकीट आज तुम्हाला मिळणार नाही. तिथं गाडी थांबत नाही, उद्घोषणा होत नाही, चहावाला नाही. ज्या मार्गावर ते उभं होतं तो मार्गच बदलला. तरी तुमच्यापैकी बहुतेक सगळे त्याच्या जवळून गेलेले आहात, पुण्याहून मुंबईला जाताना किंवा येताना, आणि एकदा नाही तर शंभर वेळा. बोर घाटातलं, खंडाळ्याच्या खालच्या अंगाचं हे स्टेशन, म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. त्याला गावाचं नाव नव्हतं, कारण ते कुठल्या गावासाठी बांधलेलंच नव्हतं. गाडी उलटी फिरवायची जागा, एवढंच त्याचं काम आणि तेच त्याचं नाव.

आता मी हा विषय का घेतला? आपल्याकडे रेल्वेचा इतिहास म्हटलं की 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, ही एकच तारीख सगळ्यांना पाठ असते. शाळेत शिकवतात, स्पर्धा परीक्षेत विचारतात. पण खरं सांगायचं तर तो मार्ग सोपा होता. खाडी होती, दलदल होती, पण जमीन सपाट होती. मुंबईची रेल्वे खऱ्या अर्थानं देशाची रेल्वे झाली ती दहा वर्षांनी, 1863 मध्ये, जेव्हा ती सह्याद्री चढली. आणि ती चढण ज्या एका युक्तीवर उभी होती ती युक्ती म्हणजे हे स्टेशन. त्याचा इतिहास बघितला की इंजिनिअरांचं कसब दिसतं, आणि त्याच्या बरोबरीनं ते कसब कोणाच्या पाठीवर उभं राहिलं तेही दिसतं. या दुसऱ्या गोष्टीकडे मला आज तुम्हाला घेऊन जायचं आहे.

आधी प्रश्न समजून घेऊ. कोकण खाली, देश वर. मध्ये सह्याद्रीचा कडा. कर्जतच्या बाजूनं लोणावळ्यापर्यंत चढायचं तर सुमारे 1,831 फूट वर जावं लागतं, म्हणजे साधारण 558 मीटर. माणूस पायवाटेनं चढतो, बैल वळणं घेत घेत चढतो, पण रेल्वेचं चाक लोखंडाचं आणि रूळही लोखंडाचा. लोखंडावर लोखंड घसरतं. सपाटीवर हाच गुण असतो, थोड्या ताकदीत केवढं तरी वजन ओढता येतं. चढावर तोच गुण दोष होतो. शंभर फुटांत एक फूट चढ असला तरी वाफेच्या इंजिनाला तो जाणवतो. इथं तर अख्खा डोंगर समोर उभा.

हा घाट काही रेल्वेनं शोधलेला नाही, हेही लक्षात ठेवा. कार्ले आणि भाजे इथली लेणी बघा. दोन हजार वर्षांपूर्वी तिथं व्यापाऱ्यांनी दानं दिली आहेत, म्हणजे बंदरावरचा माल या वाटांनी वर येत होता. पेशवाईत ही वाट वापरात होतीच. 1804 मध्ये तोफा वर नेता याव्यात म्हणून आर्थर वेलस्लीनं रस्ता सुधारून घेतला. पुढं 1830 मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात, गाड्या चालतील असा रस्ता खुला झाला. तो जो अमृतांजन पूल आपण सगळे ओळखायचो, तो त्याच 1830 सालच्या रस्त्याचा. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडला. आपलं रिव्हर्सिंग स्टेशन त्याच परिसरात. म्हणजे पायवाट, गाडीरस्ता, रेल्वे, हमरस्ता आणि द्रुतगती मार्ग, सगळे एकाच खिंडीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून आहेत. डोंगरानं फारशा जागा दिल्याच नाहीत.

आता रेल्वेकडे येऊ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आपण जीआयपी म्हणू, तिचे मुख्य इंजिनिअर होते जेम्स जॉन बर्कले. घाटाची पाहणी वर्षानुवर्षं चालली. डोंगराचा प्रत्येक सोंडा, प्रत्येक ओढा मोजला गेला. सुरुवातीच्या विचारात उभा चढ ठेवून वर एका जागी बसवलेल्या इंजिनानं दोराच्या साहाय्यानं गाड्या ओढून घ्याव्यात असंही होतं. पण तसं केलं असतं तर एका वेळी किती गाड्या वर येणार? व्यापार त्या दोराला टांगून राहिला असता. बर्कलेंना हवा होता असा मार्ग, की ज्यावर इंजिन स्वतःच गाडी घेऊन चढेल. शेवटी जो मार्ग ठरला त्याचा सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट असा होता. लांबी जवळपास 16 मैल. 25 बोगदे आणि 8 मोठे दगडी कमानींचे पूल.

पण एक अडचण राहिली. कड्याच्या अंगानं वर येता येता मार्ग अशा ठिकाणी पोचायचा, की पुढं जायला डोंगरच नाही, समोर दरी. वळून मागं यायचं तर वळणाला जागा नाही. बैलगाडीला असं हेअरपिन वळण घेता येतं, आगगाडीला नाही, तिला लांबरुंद वळण लागतं. मग केलं काय? वळणच काढून टाकलं. त्या सोंड्यावर जागा सपाट केली, तिथं स्टेशन बांधलं. गाडी खालून येणार, स्टेशनात शिरणार आणि थांबणार. पुढं रूळ संपलेले. मग इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं, आणि गाडी जिकडून आली जवळपास त्याच दिशेनं, पण वरच्या रुळावरून, पुढं निघणार. कागदावर इंग्रजी वाय किंवा व्ही काढा, म्हणजे लक्षात येईल. जो डबा पहिला होता तो शेवटचा झाला. खिडकीतून डावीकडं दिसणारी दरी उजवीकडं गेली. हीच ती रिव्हर्सिंगची युक्ती. पलीकडं कसारा आणि इगतपुरीच्या मधल्या थळ घाटातही जीआयपीनं हीच युक्ती वापरली, आणि तो घाट 1865 मध्ये सुरू झाला.

ऐकायला छान वाटतं. पण ते बांधलं कोणी, आणि कसं?

घाटाचं कंत्राट 1855 मध्ये दिलं गेलं. कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. बोरीबंदर ते ठाणे मार्ग बांधणाऱ्या जोडीतला हाच तो एक. पुढच्या वर्षी खालून गाडी खोपोलीपर्यंत आली, आणि 1858 मध्ये वरून पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आली. मध्ये घाट मोकळा. पाच वर्षं लोक मुंबईहून खोपोलीला गाडीनं यायचे, तिथं उतरायचे, पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी करून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. सामान उतरवा, चढवा, परत उतरवा. वर घाटात सुरुंगांचे आवाज.

कामाची पद्धत कशी होती ते बघा. कंपनी लंडनची. तिनं कंत्राट दिलं इंग्रज कंत्राटदाराला. त्यानं तुकडे पाडून पोटकंत्राटदारांना दिले. त्यांच्या खाली मुकादम. मुकादमाच्या खाली टोळी. टोळीत बापये, बाया आणि पोरं. बापये खडक फोडणार, बाया टोपल्यांनी दगडमाती वाहणार. कोकणातून आणि देशावरून माणसं आली. दगडकामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले वडार आले. पावसाळ्यात काम बंद, दसरा-दिवाळीच्या सुमाराला पुन्हा सुरू, उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे शेतीच्या कामानंतरचे जे हात मोकळे, ते इथं. आजच्या ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांसमोर आणा. उचल, मुकादम, पाल, हंगाम... हा साचा ओळखीचा वाटतो ना?

आणि काम काय! बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. सह्याद्रीतला सगळ्यात कठीण दगड. डायनामाइट अजून आलेलं नव्हतं, सुरुंगाची काळी दारू आणि हातातली पहार. काही ठिकाणी कडा इतका सरळ, की उभं राहायलाच जागा नाही. मग माणसाला दोरानं कड्यावरून खाली सोडायचं. त्यानं लोंबकळत कातळात भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवायची आणि वरच्यांनी त्याला ओढून घ्यायचं. वेळेवर ओढला तर वाचला.

दररोज सरासरी 25 हजार माणसं कामावर असायची. 1861 च्या सुरुवातीला हा आकडा 42 हजारांवर गेला. जरा विचार करा. पंधरा-सोळा मैलांच्या डोंगरउतारावर 42 हजार माणसं, पालांत आणि खोपटांत राहणारी. उन्हाळ्यात ओढे आटतात. जे पाणी उरतं तेच प्यायचं, तिथंच धुवायचं. कॉलरा यायला दुसरं काही लागत नाही. 1859-60 च्या हंगामात कॉलऱ्यानं घाटात थैमान घातलं. माणसं मेली, आणि जी मेली नाहीत ती पळाली. एकेका छावणीत एक दिवस टोळ्या असायच्या आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या चुली.

किती मेले? इथं आपण सावध राहायला हवं. घाटात मेलेल्या मजुरांची संपूर्ण यादी कुणी ठेवली नाही. कंपनीच्या हिशेबात दगडाचे घनफूट आहेत, बारुदाचा खर्च आहे, विटा आहेत, चुना आहे. माणसं हजेरीपुरती आहेत. इतिहासकारांनी अहवालांवरून, हजेरीच्या आकड्यांवरून आणि साथींच्या वर्णनांवरून जे अंदाज बांधले आहेत ते आठ वर्षांत वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातात. अंदाज म्हणूनच ते घ्यायचे. पण अंदाज निम्म्यानं चुकला असं धरलं तरी काय उरतं बघा. दहा-बारा हजार माणसं, सोळा मैलांत. म्हणजे मैलाला सहा-सातशे.

1859 साल या घाटाच्या इतिहासात फार महत्त्वाचं आहे. त्या वर्षी जानेवारीत मजुरांचा उठाव झाला. उठाव हा शब्द मी जपून वापरतो, कारण 1857 नुकतं होऊन गेलं होतं आणि सरकारला सगळीकडं बंडच दिसत होतं. हे बंड राजाचं नव्हतं, पगाराचं होतं. कंत्राटदारापासून मुकादमापर्यंत पैसे झिरपत यायचे आणि वाटेत आटायचे. महिनोन्‌महिने मजुरी थकलेली. जी मिळायची ती कापून. हजारो मजूर जमले आणि घाटातल्या युरोपियन कर्मचाऱ्यांवर चालून गेले. मारामारी झाली, माणसं जखमी झाली. पोलीस आले, चौकशी झाली. आणि चौकशीत काय दिसलं? मजुरांची तक्रार खरी होती. मजुरी थकली होती.

याचा परिणाम दूरवर गेला. 1860 मध्ये सरकारनं एक कायदा केला. रेल्वे आणि इतर सार्वजनिक बांधकामांवरचे मालक आणि मजूर यांच्यातले वाद झटपट निकालात काढण्याचा हा कायदा. मजुरी थकली तर मजुराला मॅजिस्ट्रेटकडे जाता येईल, अशी सोय त्यात झाली. पण कायद्याला दुसरीही धार होती. काम अर्धवट सोडणाऱ्या मजुरालाही शिक्षा. आणि मघाशी आपण बघितलं, माणसं काम सोडून का जात होती? कॉलऱ्यापासून जीव वाचवायला. तरीही थकलेल्या मजुरीसाठी दाद मागायचा मजुराचा हक्क कायद्याच्या पुस्तकात आला, आणि त्यामागं घाटातल्या निरक्षर मजुरांचा राग होता. आपल्याकडे कामगार चळवळीचा इतिहास बहुतेक गिरण्यांपासून सुरू करतात. तो गिरण्यांच्या आधी, या घाटापासून सुरू करायला हवा, असं माझं मत आहे.

फॅव्हिएलनं 1859 मध्येच कंत्राट सोडलं. नवं कंत्राट मिळालं सॉलोमन ट्रेडवेल याला. तो इंग्लंडहून आला आणि इथं उतरल्यावर काही आठवड्यांतच आजारानं मेला. आता काय होणार? त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल बरोबर आली होती. तिनं परत जायचं नाकारलं आणि कंत्राट स्वतःच्या नावावर पुढं चालवलं. कामाची व्यवस्था बघायला अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन अनुभवी इंजिनिअर होते, पण जबाबदारी तिची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, परक्या देशात, जगातल्या सर्वांत अवघड रेल्वेकामांपैकी एक काम एका विधवा बाईच्या नावावर पूर्ण झालं. ही गोष्ट मोठीच आहे, तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. तिच्या काळात मजुरीची व्यवस्था आधीपेक्षा बरी झाली आणि काम वेगानं पुढं गेलं, 42 हजारांचा आकडा त्याच काळातला.

बर्कलेंना मात्र आपला घाट पुरा झालेला बघायला मिळाला नाही. तब्येत ढासळल्यामुळं ते इंग्लंडला परतले आणि 1862 मध्ये, वयाच्या बेचाळिशीत, वारले. 21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं. भाषणं झाली, मेजवानी झाली. पुढच्याच महिन्यात मुंबई ते पुणे थेट गाडी धावू लागली.

हा मुहूर्त बघा. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. सगळ्यांचे डोळे मुंबईच्या कापसाकडे. अशा वेळी देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून न येता डब्यांतून थेट बंदरावर यायला लागला. मुंबईत त्या काळात जो पैसा आला, त्या पैशाच्या वाटेवर आपलं हे स्टेशन होतं. देशावर चढणारी प्रत्येक गाडी आणि खाली उतरणारी प्रत्येक गाठोडी इथं थांबून, तोंड फिरवून पुढं जायची.

या स्टेशनवरचं रोजचं काम कसं असेल? गाडी चढताना कष्ट आणि उतरताना धोका. लोकांना वाटतं घाट चढणं अवघड. रेल्वेवाल्याला विचारा, तो सांगेल, उतरणं अवघड. त्या काळी सगळ्या डब्यांना एकत्र लागणारे ब्रेक नव्हते. ब्रेकच्या डब्यांतली माणसं हातानं चाकं फिरवून ब्रेक आवळायची. एकदा का गाडी हाताबाहेर गेली की गेली. म्हणून घाटात जागोजागी चढावर जाणारे आंधळे फाटे काढले, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. सांधे नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले. उतरणारी गाडी थांबली, ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच मुख्य मार्ग मोकळा. सुटलेली गाडी असेल तर ती आपोआप फाट्यावर चढेल आणि थांबेल. ही पद्धत घाटात आजही आहे. रात्रीच्या गाडीनं पुण्याहून येताना मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी अंधारात उगाचच थांबल्यासारखी वाटते. ती उगाच थांबत नाही. दीडशे वर्षांची ती खबरदारी आहे.

ती किती गरजेची होती हे रिव्हर्सिंग स्टेशनवरच कळलं. 1869 मध्ये उतरणारी एक गाडी आवरली नाही आणि स्टेशनच्या टोकाशी, जिथं रूळ संपत होते तिथला अडसर तोडून पुढं गेली. ज्या युक्तीनं घाट चढता आला तिची ही दुसरी बाजू. रूळ जिथं संपतो तिथं दरी होती. त्याच्या दोन वर्षं आधी, 1867 च्या पावसाळ्यात, घाटातला माऊ की माळीचा दगडी पूल कोसळला होता. घाट बांधून झाला म्हणजे संपला असं नव्हतं. तो रोज नव्यानं राखावा लागत होता, आणि राखणारे गँगमन पुन्हा याच परिसरातले.

साठ-पासष्ट वर्षं हे चाललं. मग दोन गोष्टी बदलल्या. गाड्या लांब आणि जड झाल्या. प्रत्येक गाडी थांबवून इंजिन काढून पलीकडं लावायचं, यात वेळ जाऊ लागला. स्टेशनची लांबी जेवढी तेवढीच गाडी. कितीही इंजिनं आणा, घाटाची क्षमता त्या सोंड्यावरच्या सपाट तुकड्यानं ठरवलेली. आणि दुसरी गोष्ट, वीज. 1920 च्या दशकाच्या अखेरीला कल्याण-पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि त्याच सुमारास नवे बोगदे पाडून मार्ग सरळ वर काढला. आता गाडीला तोंड फिरवायची गरज राहिली नाही. 1 जून 1930 ला दख्खनची राणी सुरू झाली. ती इतक्या झटपट धावू शकली याचं एक कारण हेच, की वाटेतलं एक स्टेशन नाहीसं झालं होतं.

असं सहसा होत नाही. स्टेशनं बंद पडतात ती बहुतेक गिऱ्हाईक नाही म्हणून, किंवा मार्गच बंद झाला म्हणून. हे स्टेशन बंद पडलं ते मार्ग सुधारला म्हणून. इथं वाट बघणारे गावकरी नव्हते, त्यामुळं ते बंद झाल्यावर कुणी अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. जुन्या मार्गाचे तुकडे, दगडी बांधकाम, बोगद्यांची तोंडं झाडोऱ्यात राहिली. पावसाळ्यात शेवाळ चढतं, उन्हाळ्यात गवत वाळतं. शेजारून द्रुतगती मार्गावर गाड्या सुसाट जातात. बघायला कुणी थांबत नाही, थांबायची सोयही नाही.

आता शेवटचा भाग, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा. या सगळ्या कहाणीत मी किती नावं घेतली? बर्कले, फॅव्हिएल, ट्रेडवेल नवरा-बायको, अ‍ॅडमसन, क्लाउझर, फ्रिअर. आपल्या बाजूचं एक तरी नाव आलं का? नाही आलं. मी लपवलं नाही, कागदांत जवळपास मिळतच नाही. वडार, कोकणातले कुणबी, महार, कातकरी, ठाकूर... जातींची, टोळ्यांची नावं येतात, माणसाचं नाव येत नाही.

पण लोकांनी एक नाव ठेवलं आहे. जुन्या महामार्गानं घाटातून गेलात तर शिंगरोबाचं मंदिर लागतं. ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर हात जोडतात, प्रवासी खिडकीतून नाणं टाकतात. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. साहेबाला घाटाचा मार्ग सापडेना. शिंगरोबा नावाच्या धनगरानं आपली जनावरं ज्या वाटेनं जायची ती वाट दाखवली. साहेब खूष झाला, म्हणाला, काय हवं ते माग. धनगर म्हणाला, आमचा देश सोडून जा. साहेबानं त्याला गोळी घातली.

हे खरं आहे का, असं मला हमखास विचारतात. इतिहासकार म्हणून उत्तर असं, की पाहणीच्या ज्ञात वृत्तांतात ही घटना नाही. मार्ग एका दिवसात कुणी दाखवून ठरला नाही, वर्षानुवर्षांच्या मोजणीतून ठरला. घाटाची वाट तर आधीपासून सगळ्यांना माहीतच होती. पण एवढं बोलून थांबलो तर मी अर्धवट उत्तर दिलं असं होईल. डोंगरात पाहणी करणारा परका माणूस वाटाड्याशिवाय एक पाऊल टाकू शकत नाही. कुठल्या ओढ्याला पावसात किती पाणी येतं, कुठला उतार दरवर्षी घसरतो, हे गुराख्याला माहीत असतं, दुर्बिणीला नाही. ते ज्ञान कुणीतरी दिलं, आणि त्याचं नाव नकाशावर आलं नाही. म्हणजे गोष्टीचा पहिला भाग, आमच्याकडून घेतलं, हा खरा आहे. आणि दुसरा भाग, मोबदल्यात मरण दिलं, तो वीस-पंचवीस हजारांच्या बाबतीत शब्दशः खरा आहे. गोळी नसेल, कॉलरा असेल, सुरुंग असेल, तुटलेला दोर असेल.

मला वाटतं, लोकांनी त्या हजारो मरणांचं एक माणूस केलं, त्याला नाव दिलं आणि त्याचं देऊळ बांधलं. कंपनीनं यादी ठेवली नाही, म्हणून लोकांनी देव ठेवला. दंतकथेला पुरावा म्हणून वापरायचं नाही, हे बरोबर. पण कागद जिथं गप्प आहेत तिथं लोक कशाबद्दल बोलत राहिले, हे तिच्यातून कळतं. म्हणून इतिहासकारानं तिच्याकडे पाठ फिरवायची नाही.

मग आपण काय करायचं? माझी मागणी छोटी आहे. रिव्हर्सिंग स्टेशनचे जे अवशेष उरले आहेत त्यांची नीट मोजणी आणि नोंद व्हावी, फोटो आणि नकाशे लोकांना बघायला मिळावेत. आणि कर्जत, खंडाळा, लोणावळा यांपैकी एखाद्या स्टेशनवर एक फलक लागावा. त्यावर इंजिनिअरांची नावं असू द्यात, अ‍ॅलिस ट्रेडवेलचं असू द्यात, शिंगरोबाचंही असू द्यात. पण खाली एक ओळ अशी असावी, की हा घाट बांधताना हजारो मजूर मेले आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पुतळा नको, उद्घाटनही नको. ती एक ओळ पुरे.

आणि फलक लागेपर्यंत तुम्ही एवढं करा. पुढच्या वेळी पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबेल, मागं जोड-इंजिन लागेल. तुम्ही वडा घ्याल, घ्यायलाच पाहिजे. गाडी सुटली की बोगदे मोजायला लागा, पोरांना मोजायला लावा. आजचे बोगदे आणि तेव्हाचे पंचवीस यांचा हिशेब जुळणार नाही, मार्ग बदलला आहे. हिशेब का जुळत नाही असं पोरांनी विचारलं, की त्यांना या स्टेशनची गोष्ट सांगा.